टिंबासकट कंबर

तोंडात सात टाचण्या असताना माणसाला भांडता येत नाही, आणि मास्तरांच्या बायकोने शाळेतून आलेली चिठ्ठी मोठ्याने वाचायला नेमकी हीच वेळ निवडली. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. शाळेच्या बँडपथकाचे चोवीस लाल कोट शनिवारच्या आत द्यायचे होते, सोमवार अर्धा संपला होता, आणि मास्तर अठराव्या कोटाची बाही खांद्याला टाचत होते.

"'आपल्या पाल्याचे वजन वयाच्या व उंचीच्या मानाने अधिक आढळले आहे,'" बायकोने वाचले. "'असे वजन पुष्कळदा आनुवंशिक असते. तरी सोबतच्या तक्त्यात आईकडील व वडिलांकडील नातेवाइकांच्या कमरेची मापे भरून उद्या पाठवावीत. डॉक्टरांचा दाखला मिळेपर्यंत पाल्यास शनिवारच्या समारंभात वाद्य घेऊन संचलन करता येणार नाही.' ऐकलंत? आनुवंशिक! म्हणजे घराण्यातून आलेलं. आता कोणाच्या घराण्यातून, ते मी कशाला सांगू? वन्संकडे एकदा नीट बघितलं की झालं."

"अं हं हं हं!" मास्तर म्हणाले.

"काय? कबूल? बरं झालं बाई."

मास्तर घाईघाईने एकेक टाचणी काढून उशीत खोचू लागले. सातवी टाचणी निघेपर्यंत बायको पडद्यामागे स्वयंपाकघरात गेली होती आणि विषय तिच्या बाजूने निकालात निघाला होता.

पाल्य म्हणजे चिमणी. वय वर्षे चौदा. जन्मली तेव्हा जेमतेम पावणेदोन किलोची होती. ही हाताला लागते की नाही अशी सगळ्यांना धास्ती पडली होती, म्हणून चिमणी हे नाव पडले. चिमणी हाताला लागली. नुसती लागली नाही, तर चांगले मनावर घेऊन लागली. नाव मात्र बदलायचे कोणाला सुचले नाही. शाळेच्या बँडमधला मोठा ड्रम तिच्याकडे होता. अकरा किलोचा तो ड्रम पट्ट्याने छातीवर अडकवून मैदानाला तीन फेऱ्या मारणे हे शाळेत तिलाच जमत होते. तिच्याआधी तो एका काडीपैलवानाकडे होता. चालताना तो पैलवान दिसायचाच नाही, ड्रमलाच पाय फुटलेत असे वाटायचे, आणि एका वळणावर तो ड्रमसकट फुलझाडांत गेला होता. तेव्हापासून ड्रम चिमणीचा. "ही पुढे आहे म्हणून सगळं पथक एका पावलात चालतं," असे बँडच्या बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या. आपल्या आकाराबद्दल चारचौघांत काढलेले एवढे चांगले उद्गार चिमणीने जन्मात ऐकले नव्हते. त्यामुळे शनिवारी ड्रम घेऊन चालणे हा तिच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता.

"बाबा, दाखला मिळेल ना?" दप्तरही न उतरवता तिने विचारले.

"न मिळायला काय झालं? डॉक्टरला मापंच पाहिजेत ना? मग तो बरोबर दुकानात आलाय," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फळीवरून मापवह्या खाली काढल्या.

मास्तरांच्या दुकानात चाळीस वर्षांच्या मापवह्या होत्या. निम्म्या त्यांच्या वडिलांच्या हातच्या. वडिलांना सगळे थोरले मास्तर म्हणत. अर्ध्या गावाची कंबर थोरल्या मास्तरांच्या वहीत होती, सासुरवाडीचीही होती. किंबहुना मास्तरांचे लग्न जुळले ते त्यांचे सासरे पँट शिवायला आले म्हणून. थोरल्या मास्तरांनी माप घेता घेता मुलीची चौकशी केली आणि पँटची ट्रायल व मुलगी बघणे एकाच दिवशी उरकले.

या वह्यांची एक खासियत होती. गिऱ्हाईक कितीही कामात असो, माप घेऊन झाल्यावर ते वहीत डोकावतेच, हे थोरल्या मास्तरांनी ओळखले होते. डोकावून स्वतःच्या कमरेचा खरा आकडा वाचला की त्याचा चेहरा पडतो आणि पुढच्या वेळी ते दुसऱ्या दुकानात जाते. म्हणून थोरले मास्तर वहीत गोड आकडा लिहीत आणि त्याच्याखाली बारीक टिंबे देत. एका टिंबाचे दोन इंच. चौतीस आणि खाली तीन टिंबे म्हणजे कापताना चाळीस कापायचे. गिऱ्हाईक चौतीसवर खूश, पँट चाळीसची, आणि बसली की गिऱ्हाईक म्हणणार, "बघा, चौतीस कशी सैल होते मला!" टिंबांचे हे शास्त्र घरातल्या माणसांखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

मास्तर तक्ता घेऊन बसले. वडिलांचे वडील: बत्तीस. वडिलांची बहीण: चौतीस. वडील स्वतः: चौतीस. आईची आई: चव्वेचाळीस. आईचे वडील: शेहेचाळीस.

हातात काजांची सुई घेऊन बायको मागे येऊन उभी राहिली होती, हे त्यांना कळले नाही.

"मामंजी बत्तीस?" ती म्हणाली. "मामंजी दारातून येताना आधी पोट यायचं, मग थोड्या वेळानं मामंजी यायचे."

"वहीत आहे ते लिहिलंय. हे बघ, त्यांच्याच अक्षरात. बत्तीस."

"आणि खाली पाच टिंबं आहेत त्यांचं काय?"

"तक्त्यात टिंबांना रकाना नाही."

"अस्सं? मग माझ्या वडलांची टिंबं कशी आली बरोब्बर हिशोबात? वहीत अडतीस आहे. माझ्या आईचं छत्तीस आहे. माझ्या माहेरची टिंबं तेवढी मोजलीत, आणि तुमच्या घरची गिळलीत?"

मास्तरांनी उगाचच टेपची गुंडाळी केली. चोरी पकडली गेली की ते टेपची गुंडाळी करत.

"हे बघा," बायकोने सुई पदराला टोचली आणि ती समोर बसली, "टिंबं मोजायची तर दोन्हीकडची मोजा. काढायची तर दोन्हीकडची काढा. न्याय म्हणजे न्याय."

दोन्हीकडची मोजायची म्हटले तर थोरले मास्तर बेचाळीसवर जात होते आणि अक्का, म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, त्याच्याही पुढे. भिंतीवरच्या तसबिरीतून थोरले मास्तर मुलाकडे पाहत होते. मास्तरांनी रबर घेतले आणि तक्त्यातले सासुरवाडीचे आकडेही टिंबांशिवाय करून टाकले: छत्तीस आणि अडतीस. लग्नाला सतरा वर्षे झाली होती. दोघांचे कशावर तरी एकमत होण्याचा हा तिसरा किंवा चौथा प्रसंग असावा.

शेवटी एक प्रश्न होता, "मूल घरी किती खाते?" तो बायकोने आपल्याकडे घेतला. जास्त लिहावे तर ठपका स्वयंपाकघरावर येणार. तिने लिहिले, "बेताचेच."

मंगळवारी तक्ता शाळेत गेला आणि दुपारी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन चिमणी परत आली. डॉक्टर आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळेत येत. त्यांनी तक्ता फार मनापासून वाचलेला दिसत होता.

"'दोन्ही घराणी पिढ्यान्‌पिढ्या सडपातळ आहेत,'" बायकोने वाचले. या वेळी मास्तरांच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ते गप्प होते. "'मूल खातेही बेताचेच. अशा परिस्थितीत एवढे वजन वाढणे आनुवंशिक म्हणता येत नाही. एखाद्या ग्रंथीचा विकार नाही ना, हे पाहणे गरजेचे आहे. सोबत मोठ्या रुग्णालयासाठी रक्ताच्या तपासण्यांची यादी देत आहे. अहवाल येण्यास दोन आठवडे लागतील. तोपर्यंत पाल्याने ड्रम उचलू नये.'"

चिमणीने दप्तर खाली टाकले.

"म्हणजे काडीपैलवान," चिमणी म्हणाली.

"काय?"

"शनिवारी ड्रम काडीपैलवान वाजवणार. बाईंनी आजच दिला त्याला."

"अगं, मी शुक्रवारी जाऊन बोलतो डॉक्टरशी," मास्तर म्हणाले. "तसं ते वजन बघितलं तर तुझ्या आईकडूनच—"

"झालं यांचं सुरू!" बायको म्हणाली. "वन्सं काय हवेवर तरंगतात?"

"पुरे!"

चिमणी एरवी ओरडत नसे. ड्रम वाजवणाऱ्या माणसाला ओरडायची गरज पडत नाही. आता मात्र तिचा आवाज फुटला.

"दोन दिवस ऐकतेय मी. आईकडून आलं, बाबांकडून आलं. मी काय कपड्यावरचा डाग आहे का, कोणाच्या हातानं पडला ते शोधायला? शाळेत शिकवलंय आम्हाला. निम्मं आईचं, निम्मं बाबांचं. संपलं. भांडायला काही उरतच नाही. आणि मला टिंबं वाचता येतात, कळलं? मी सात वर्षांची असल्यापासून येतात. माझ्या पानावर किती आहेत तेपण माहितीये. आणि दर दोन महिन्यांनी माझा गणवेश इस्त्रीला म्हणून घेता आणि गुपचूप शिवण उसवून सैल करता, तेपण माहितीये. मला वाटायचं, बाबांना माझी लाज वाटते म्हणून लपवतात."

ती पडद्यामागे गेली. जेवायलाही आली नाही.

लाज? गणवेश सैल करताना मास्तरांच्या मनात एकच असायचे, की वर्गात हुक तुटून पोरीला कोणी हसू नये. लाज असलीच तर ती त्यांना स्वतःची वाटायला हवी होती, आणि आता ती वाटली. बायको डोळे पुसत होती आणि डोळ्यांत दोरा गेला असे सांगत होती.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "डॉक्टरला खरं सांगावं लागेल."

"काय सांगू? तक्ता खोटा लिहिला? आता त्याचा विश्वास बसणार का? म्हणेल, दाखल्यासाठी काहीही सांगतात."

"मग माणसंच दाखवू. जाडी काय, डोळ्यांना दिसते की. माझ्या आईला बोलावते."

"मी अक्काला बोलावतो. अक्काला बघून डॉक्टर एका मिनिटात दाखला देईल."

"माझ्या आईला बघून अर्ध्या मिनिटात देईल."

"अक्काचं पान बघितलंयस? पाच टिंबं आहेत!"

"माझ्या आईला चार आहेत, पण ती उंचीनं किती कमी, ते धरा ना!"

अशा रीतीने दोन दिवस ज्यांनी आपापले घराणे सडपातळ ठरवण्यासाठी रबर झिजवले, तेच आता आपले घराणे कसे अधिक जाड यावर हातघाईला आले.

फोन झाले. इथेच घोटाळा झाला. मास्तर फोनवर कमी बोलत. "अक्का, शुक्रवारी शाळेत ये, डॉक्टर तुझी कंबर मोजणार आहेत. चिमणीसाठी," एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला, कारण कोट अजून चार बाकी होते. बायकोनेही आपल्या आईला जवळपास तेवढेच सांगितले. कंबर कशासाठी मोजायची, मोठी निघालेली बरी की लहान, हे दोघींपैकी कोणालाच कोणी सांगितले नाही. आणि समजुतीची कुठलीही बाई अशा वेळी काय समजेल, ते त्या दोघी समजल्या.

शुक्रवारी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. खोली लहान होती. एक वजनकाटा, एक उंचीची पट्टी, भिंतीवर दात घासण्याचे चित्र, आणि खिडकीबाहेर मैदान. मैदानावर बँडची तालीम चालली होती. तुताऱ्या बरोबर होत्या. मधूनच काडीपैलवानाचा ड्रम "धप्" करी, मग बराच वेळ काही नाही, मग घाईघाईने "धप् धप्". पथकातली निम्मी मुले डाव्या पायावर असत, निम्मी उजव्या. चिमणी खिडकीशी उभी होती आणि प्रत्येक चुकलेल्या ठोक्याला डोळे मिटत होती.

अक्का, म्हणजे चिमणीच्या आत्या, उभ्या रेघांची काळी साडी नेसून आल्या होत्या. बुधवारपासून त्या फक्त काकडीवर होत्या, असे त्यांनी दारातच सांगितले. आजी मात्र काहीच बोलत नव्हत्या, कारण त्यांनी पोटावर बाळंतिणीचा पट्टा इतका आवळला होता की बोलायला हवा उरली नव्हती.

"हं, या बसा," डॉक्टर म्हणाले. चेहऱ्याने ते रेखीव होते, बाकीचे अंग पांढऱ्या कोटात होते. "तुमचं म्हणणं, तक्त्यातली मापं चुकलीत? बघू या."

त्यांनी आत्यांच्या कमरेला फीत लावली. आत्यांनी श्वास घेतला आणि जो घेतला तो सोडलाच नाही. पोट आत गेले, खांदे वर गेले, मानेच्या शिरा दिसू लागल्या.

"पस्तीस," डॉक्टर म्हणाले. "तक्त्यात चौतीस आहे. वयानं एखादा इंच इकडेतिकडे."

मास्तरांनी कपाळाला हात लावला.

आजी पट्ट्यासकट सदतीस भरल्या. त्यांचा चेहरा जांभळा पडत चालला होता, पण त्या विजयाने लेकीकडे पाहत होत्या.

"मला काही फरक दिसत नाही," डॉक्टरांनी पेन उचलले. "तपासण्या करून घ्या. ड्रम नको."

बाहेर "धप्... धप् धप्... धप्" झाले आणि कोणीतरी पडल्याचा आवाज आला. चिमणीने खिडकी लावून घेतली. मास्तरांना ते बघवले नाही.

"डॉक्टर," ते पुढे झाले आणि त्यांनी गळ्यातली टेप काढली, "तीस वर्षं कमरा मोजतोय. एकदा मला मोजू द्या."

"त्यानं काय होणार?"

"होईल."

श्वास धरणारे गिऱ्हाईक शिंप्याला नवीन नसते. "श्वास सोडा" म्हटले तर माणूस आणखी धरतो. त्यावर थोरल्या मास्तरांनी एक उपाय शिकवला होता: टेप लावायची आणि गिऱ्हाइकाला त्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न विचारायचा. माणूस तावातावाने बोलायला लागला की पोटाकडचे लक्ष सुटते आणि पोट आपल्या जागेवर येते. मास्तरांनी अक्काच्या कमरेला टेप लावली आणि सतरा वर्षांत दोन्ही घरांत ज्याचा उच्चार करायला बंदी होती, तो प्रश्न विचारला.

"अक्का, माझ्या लग्नात ती खुर्ची नक्की कोणी मोडली गं?"

"मी नाही मोडली!" आत्यांचा अडीच दिवसांचा श्वास एकदम बाहेर पडला. "मी बसायच्या आधीच तिचा पाय गेला होता! माझ्याआधी कोण बसलं होतं, विचार की! चांगल्या तासभर बसल्या होत्या या!"

"चव्वेचाळीस," मास्तर म्हणाले.

"मी?" आजी ताडकन उभ्या राहिल्या. "मी बसले तेव्हा खुर्ची धडधाकट होती! मी उठले, तेव्हाही होती! ही बया बसली आणि—" पुढचे शब्द ऐकू आले नाहीत, कारण पट्ट्याचा हुक तुटून समोरच्या वजनकाट्यावर आदळला आणि काट्याने थोडा वेळ आजींच्या हुकाचे वजन दाखवले. मास्तर गुडघ्यावर बसले होतेच.

"पंचेचाळीस! लिहून घ्या, डॉक्टर!"

"त्रेचाळीस असेल," आजी एकदम भानावर आल्या.

"मामंजी बेचाळीस होते," बायको पुढे आली. "माझं स्वतःचं एकोणचाळीस. मोजायची गरज नाही, मी सांगते. आणि डॉक्टर, पोरगी खाते. चांगलं खाते. 'बेताचं' मी लिहिलं होतं. आम्ही सगळेच खातो. आता यांचंही मोजा."

"माझं चौतीस," मास्तर म्हणाले.

"द्या इकडे ती टेप. चिमणीसाठी रात्रंदिवस मशीन मारताय, किती कोट राहिले हो अजून?"

"दोन राहिलेत फक्त, एकाचा गळा आणि—"

"एक्केचाळीस."

मास्तरांनी टेपवर पाहिले, मग बायकोकडे, मग पुन्हा टेपवर. आकडा हलला नाही. बाकीच्या माणसांना जाडी कळते ती पँट घट्ट होते तेव्हा. मास्तरांना पंधरा वर्षांत पँट कधी घट्ट झालीच नव्हती. जरा कुठे दाटली की ते "कापड आटलं" म्हणायचे आणि बसल्या जागी अर्धा इंच सैल करायचे. दुसऱ्यांची कंबर चोख मोजणारा हा माणूस स्वतःची कंबर तिशीत मोजून मोकळा झाला होता.

मग त्यांनी सगळे सांगितले. टिंबे, रबर, तक्ता, सगळे. डॉक्टर आधी चिडले, कारण मोठ्या रुग्णालयाला लिहिलेले पत्र दोन पानी होते. मग त्यांना हसू आवरेना. शेवटी त्यांनी चिमणीला जवळ बोलावले, छाती तपासली, नाडी बघितली, रक्तदाब घेतला.

"हे बघ," ते म्हणाले, "हे एका कोणाकडून येत नाही. शेकडो बारीक बारीक गोष्टी असतात, थोड्या आईकडच्या, थोड्या बाबांकडच्या. त्यामुळे काहींना 'पोट भरलं' हे जरा उशिरा कळतं, काहींच्या अंगाला साठवायची सवय असते. तुला दोन्हीकडून भरघोस मिळालंय. यात तुझा दोष नाही आणि यांचाही नाही. पण घरात बिस्किटांचा डबा कुठे असतो?"

"शिवणाच्या मशीनवर," चिमणी म्हणाली. "बाबांच्या उजव्या हाताला."

"तो डबा काही रक्तातून आलेला नाही. त्याची जागा बदला. सगळ्यांनी मिळून. एकट्या पोरीला उपाशी ठेवून आपण खात बसायचं नाही. अधूनमधून मला दाखवत जा. आणि अकरा किलो घेऊन मैदानाला तीन फेऱ्या मारणाऱ्या मुलीला मी ड्रम उचलू नको म्हणालो? हृदय ठणठणीत आहे हिचं. मला तीन फेऱ्या मारता येणार नाहीत."

"मग मी वाजवू?"

"आत्ता जा. बाहेर फार वाईट चाललंय."

चिमणी गेली. दोन मिनिटांनी मैदानावरून पहिला ठोका आला आणि खिडकीची काच थरथरली. त्यामागून सारखे, सावकाश, ठाम ठोके येत राहिले. खोलीत खुर्चीबद्दल चाललेले भांडणसुद्धा त्या तालात आले.

त्या संध्याकाळी चोविसावा कोट मास्तरांनी चिमणीसाठी कापायला घेतला. सवयीने त्यांनी तिच्या पानावर बत्तीस लिहिले आणि पेन टिंबांसाठी खाली नेले. चिमणीने ते पेन हातातून काढून घेतले, बत्तीस खोडले आणि शेजारी ठळक आकड्यात लिहिले: अडतीस.

"असाच कापा," ती म्हणाली. "वाकून बघायला इथे कोणी गिऱ्हाईक नाही."

मास्तरांनी तसाच कापला. इतका नेमका बसलेला कोट त्यांनी जन्मात शिवला नव्हता.

शनिवारी चिमणी पथकाच्या पुढे चालली. लाल कोट, छातीवर ड्रम, मान ताठ. चोवीस जणांची पावले एका वेळी पडत होती. बँडच्या बाई रडत होत्या. आत्या आणि आजी शेजारी शेजारी बसल्या होत्या, दोन लोखंडी खुर्च्यांवर. समारंभाचे पाहुणे म्हणून डॉक्टर पहिल्या रांगेत होते, आज पांढऱ्या कोटाशिवाय. तिसरी फेरी संपवून चिमणीने शेवटचा ठोका दिला, तेव्हा डॉक्टर भारावून उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवू लागले. त्याच क्षणी टप्प असा आवाज झाला आणि एक काळे बटण घरंगळत मास्तरांच्या बुटापाशी आले. डॉक्टर चटकन खाली बसले. नंतरच्या राष्ट्रगीताला मात्र उभे राहणे भाग होते. त्या वेळी त्यांचे दोन्ही हात पोटाशी घट्ट जोडलेले होते आणि पाहणाऱ्यांना ते भक्तिभावाने उभे आहेत असे वाटले.

सोमवारी दुकान उघडताच डॉक्टर आले. बिस्किटांचा डबा मशीनवर नव्हता. शाळेला सुट्टी होती, म्हणून चिमणी मापवही घेऊन बसली होती.

"एक पँट शिवायची होती," डॉक्टर म्हणाले. "ती जुनी जरा आटली. माझी कंबर तशी चौतीस. तेवढीच आहे पहिल्यापासून."

मास्तरांनी टेप लावली. डॉक्टरांनी श्वास घेतला आणि भिंतीवरच्या थोरल्या मास्तरांवर नजर खिळवली. मास्तरांनी घाई केली नाही.

"डॉक्टर, एक विचारू? तुमच्याकडे हे अंग येतं ते आईकडून की वडिलांकडून?"

"आईकडून! शंभर टक्के!" डॉक्टर उसळले. "आमचे वडील म्हणजे नुसती काठी. पण आमची बायको म्हणते, तुमच्या काकांकडे बघा. अहो, काका सुजलेले होते, जाड नव्हते! माझ्या मावश्या बघितल्या असत्यात तर—"

मास्तरांनी टेपवर बोट धरले आणि ती चिमणीपुढे केली. चिमणीने आकडा वाचला. तिने पेनचे टोपण काढले आणि अगदी आदराने डॉक्टरांकडे पाहिले.

"डॉक्टरकाका, आकडाच लिहू, की टिंबं देऊ?"

डॉक्टर बोलायचे थांबले. त्यांनी वहीकडे पाहिले, मग दाराबाहेर कोणी आहे का ते पाहिले आणि आवाज खाली आणला.

"टिंबं दे."

चिमणीने चौतीस लिहिले आणि त्याच्याखाली, सुवाच्य अक्षरात, एकापुढे एक चार टिंबे दिली.